लुंबिनीच्या अलीकडे

माझा भाऊ संघपाल दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला आहे. ज्या इमारतीत दारू भरतात तिच्या दारात एक बुटका लाल अडसर असतो. अडसराच्या अलीकडे बाहेरचे बूट काढायचे, पाय उचलून पलीकडे टाकायचा आणि आतले बूट घालायचे. बाहेरच्या बुटाला चिकटलेला एखादा खडा आत गेला, कशावर घासला आणि ठिणगी उडाली, तर पुढचं सांगायला कोणी उरत नाही. वीसेक वर्षं हे केल्यामुळे संघपाल माझ्या घरी आला तरी उंबऱ्याबाहेर थांबतो, खाली पाहतो आणि मगच आत येतो. खिशात काडेपेटी कधीच नसते. विहारात मेणबत्ती लावायची तर शेजारच्याकडे काडी मागतो.

तो भद्रावतीला कॉलनीत राहतो. मी त्याची मोठी बहीण, पोंभुर्ण्याला अंगणवाडीत आहे. कॉलनीत सगळ्यांकडे मोटारसायकली आल्या, हा मात्र सायकलवरच राहिला. "संघपाल, पगार कुठी पुरून ठेवतो बे?" असं लोक विचारतात आणि हा नुसता हसतो. सोबतचे कामगार त्याला 'भंतेजी' म्हणतात. त्यात थोडी माया आहे, थोडी टवाळी आहे.

आमचे बाबा रामाजी छप्पन साली चांद्याला धम्मदीक्षा झाली तेव्हा आजोबांच्या खांद्यावर होते. गर्दीपेक्षा आजोबांच्या डोक्याचा घामट वास जास्त आठवतो, असं ते सांगतात. पुढे सगळा जन्म बांबूच्या डेपोत गेला आणि नंतर ते संघपालकडे राहायला आले. नागपूरहून यात्रेच्या बसा निघतात. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी असं सगळं एका फेरीत करून आणतात. बाबा दरवर्षी म्हणायचे, यंदा जातो. एका वर्षी आई आजारी होती, एका वर्षी घर पडलं, मग गुडघे गेले आणि त्यामागून हृदयानेही तक्रार सुरू केली. शेवटी त्यांनी संघपालला सांगितलं, "माह्यानं आता होत नाई. तू जाय. तिथी माह्या नावानं त्रिसरण-पंचशील म्हन. तुया तोंडानं म्हन. मोबाईलवर लावून देशीन त मले नाई चालनार."

संघपाल "हो" म्हणाला. तो कोणाला सहज हो म्हणत नाही, आणि म्हटलं की ते त्याच्या डोक्यावर बसतं.

भद्रावतीच्या शाळेतले राजदीप मास्तर सायकलवाल्यांची एक टोळी चालवतात. त्यांनी माघ महिन्यात लुंबिनीची यात्रा काढली. संघपालने नाव दिलं. मीही दिलं. बाबा म्हणाले, "काय वं नंदिनी, या वयात हाडं मोडून घेशीन." मी म्हटलं, "अंगणवाडीत रोज सायकलनंच जाते ना बाबा, तवा नाई मोडले." चौकात फ्लेक्स लागला. सगळ्यांचे फोटो, मधोमध संघपाल, कारण टोळीतल्या पुरुषांत तो वयाने मोठा आणि फॅक्टरीतला.

रस्त्याने त्याची फार थट्टा झाली. उजाडल्याशिवाय तो निघू देत नसे आणि वळण आलं की लांबूनच घंटी वाजवत सुटे. आमच्याकडे जंगलातल्या रस्त्यावर असंच करतात, समोर जनावर असलं तर त्याला बाजूला व्हायला वेळ मिळतो. पण जबलपूर मागे पडलं, प्रयागराज मागे पडलं, तरी याची घंटी चालूच. राजदीप म्हणायचे, "भाऊ, हा यूपी आहे. इथं ट्रक हायेत, अन् ट्रक घंटी आयकत नाई."

सारनाथ झालं, कुशीनगर झालं. शेवटचा मुक्काम फरेंद्याला केला. सकाळी उठून आम्ही वंदना म्हटली. सगळ्यांचे पाय दुखत होते तरी चेहरे फुलले होते, कारण आज लुंबिनी. संघपालने दाढी केली. स्वच्छ पांढरा सदरा घडी करून पिशवीत सगळ्यात वर ठेवला, तिथे पोचल्यावर घालायला.

निघाल्यावर थोड्या वेळाने एका चहाच्या टपरीवर थांबलो. संघपाल माझ्या सायकलची चेन नीट करत होता. त्याचा फोन वाजला. हात ग्रीसने भरलेले, म्हणून मीच बटण दाबून फोनचा आवाज मोठा केला. फॅक्टरीतले बापूजी होते.

"काय भंतेजी! आज विदेश दौरा काय?"

"कायचा विदेश? लुंबिनीले जाऊन राह्यलो."

"मंग लुंबिनी काय वरोऱ्यात हाय?"

आम्ही सगळे हसलो. टपरीवाल्याला काही कळलं नाही, तोही हसला.

"पन तुले एनओसी लवकर देल्ली बे," बापूजी म्हणाले. "मी मागच्या साली काठमांडूले जाणार होतो त कागद नुसता फिरून राह्यला होता. आखरीले मी जानंच सोडलं."

"कायची एनओसी?"

"अबे, विदेशात जाची! आपल्या नोकरीत घ्या लागते ना. नेपाळ म्हंजे दुसरा देश हाय." मग आवाज बदलला. "घेतली ना बे तू?"

 चेन संघपालच्या हातात तशीच लोंबत राहिली. "ठेवतो," एवढंच म्हणाला.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढा नियमाचा माणूस आणि एवढी साधी गोष्ट विसरला कसा? पण आमच्या लोकांना विचारा. लुंबिनी आमच्या घरातल्या कॅलेंडरवर आहे, गाण्यांत आहे, पोरींच्या नावांतही आहे. यात्रेची बस सारनाथला जाते तशीच लुंबिनीला जाते. ते गाव दुसऱ्या देशात आहे हे माहीत असतं, पण मनात कधी येत नाही. रजा मागताना संघपालने धार्मिक यात्रा म्हणून सांगितलं. साहेबालाही तेवढंच ऐकू आलं. कोणी लपवलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

राजदीप मास्तर जवळ येऊन उकिडवे बसले. "भाऊ, टेन्शन नका घेऊ. नाक्यावर आपल्या लोकायले कोनी अडवत नाई. लोकं तिकडून पीठ घ्यायले इकडं येतात."

"नाक्यावरचं नाई म्हनत मी."

"मंग? फोटोत तुमी नका येऊ. झालं."

"सोमवारी बापूजीनं विचारलं त काय सांगू?"

"सांगा, गोरखपूरवरूनच वापस आलो."

"म्हंजे खोटं सांगू."

"भाऊ, येवढंसंच ना!"

संघपालने चेन बसवली, चाक फिरवून पाहिलं आणि हात पुसले. "चाला," म्हणाला. आम्हाला वाटलं, त्याचं मन वळलं.

त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मोहरी फुललेली होती. उसाच्या ट्रॉल्या डुलत जात होत्या. संघपाल सगळ्यांच्या मागे होता. मी मुद्दाम हळू झाले आणि त्याच्या बरोबरीला आले. पुढे वळण आलं, गेलं. त्याने घंटी वाजवली नाही. मी म्हटलं, "नोकरी जाईन काय रे?"

"जाईन असं नाई. नोटीस येईन, चौकशी होईन. किंवा कोनाले मालूमच नाई पडणार." थोडं अंतर गेल्यावर म्हणाला, "तेच त कठीण हाय ताई. कोनाले मालूमच पडलं नाई त जन्मभर मलेच सांभाळा लागन."

सीमा जवळ आली तशी ट्रकांची रांग लागली. रांग संपता संपेना. ड्रायव्हर ट्रकखाली चादर टाकून झोपले होते, कोणी स्टोव्हवर भात शिजवत होता. आम्ही कडेकडेने निघालो. मग दुकानं, रिक्षा, हॉर्न, आणि या सगळ्याच्या पलीकडे कमान. बायका डोक्यावर गाठोडी घेऊन कमानीखालून जात होत्या, शाळेची पोरं येत होती. बाजाराला जावं तसं सगळं चाललं होतं.

टोळीतले बाकीचे सायकली ढकलत पुढे गेले. संघपालही सायकल हातात धरून कमानीपर्यंत आला, आणि थांबला. मागून रिक्षावाला ओरडला. हा बाजूला झाला, पण पुढे गेला नाही.

"चाला भाऊ, मी तुमच्या मांगं राहतो," राजदीप म्हणाले.

संघपालने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तिथी उभा राहून चौथं शील कोनत्या तोंडानं म्हनू?"

चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी ते रोज सकाळ-संध्याकाळ म्हणते. मुसावादा वेरमणी. म्हणताना त्याचा अर्थ रोज मनात येतोच असं नाही. त्या गर्दीत तो अर्थ एकदम समोर उभा राहिला. बाबांनी त्याला तिथे जाऊन जे म्हणायला सांगितलं होतं, तेच त्याला तिथे जाऊ देत नव्हतं.

राजदीपांना राग आला. उन्हाचे दिवस नव्हते, तरी त्यांचा चेहरा तापला होता. "मंग येवढ्या दूर कायले आले? फ्लेक्सवर मधात कोनाचा फोटो हाय? सगळ्या टोळीचं नाक कापता काय? नियम नियम! नियमानं बुद्ध भेटतो काय?"

"नाई भेटत," संघपाल म्हणाला. "तुमी जा मास्तर. माह्यामुळं थांबू नका."

तेवढ्यात एक जवान आला. इतका वेळ त्याने आमच्याकडे पाहिलंही नव्हतं. "क्या बात है? जाना है कि नहीं?"

"नहीं जाना," संघपाल म्हणाला.

"क्यों नहीं जाना?"

आता आली पंचाईत. येणारे-जाणारे शेकडो लोक, त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. जो जात नव्हता, त्याची चौकशी सुरू झाली. कुठून आला, काय करतो, पिशवीत काय आहे. संघपालने सगळं खरं सांगितलं. दारूगोळ्याची फॅक्टरी म्हटल्यावर जवानाने त्याला पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, ओळखपत्र उलटंपालटं करून पाहिलं. पांढरा सदरा घडी मोडून झटकला. परवानगीचं सांगितल्यावर मात्र त्याने झडती थांबवली. ओळखपत्र परत देत म्हणाला, "भाई, हमको जानेवाले का सिखाया है. न जानेवाले का क्या करें, मालूम नहीं. साइड में बैठ जाओ." बाजूचा पानवाला म्हणाला, "अरे चले जाओ यार, कौन देखता है?" जवान हसला नाही.

संघपालने सदऱ्याची पुन्हा घडी घातली. मग बाबांना फोन लावला. मी कान लावून उभी राहिले.

"पोचला काय?" बाबांचा आवाज खणखणीत होता.

"नाई बाबा. नाक्यावर हावो." त्याने सगळं सांगितलं. हळू, एकेक शब्द. मध्येच ट्रकचा हॉर्न वाजला की थांबे आणि तेच वाक्य पुन्हा बोले.

"बाकीचे जाऊन राह्यले ना?" बाबांनी विचारलं.

"हो."

"नंदिनी?"

"ताईले नाई लागत परवानगी."

"मंग तुयाच पायात बेडी हाय काय?"

संघपाल कमानीखालून जाणाऱ्या माणसांकडे पाहत राहिला.

"सकाळपासून दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगून राह्यलो का माहा पोरगा आज लुंबिनीत हाय म्हनून. आता काय सांगू? नाक्यावरून पाहून राह्यला म्हनू?" ते खोकले. "ठेव फोन."

फोन बंद झाला. संघपालने तो कानावरून लगेच काढला नाही.

मी म्हटलं, "मी म्हणते तिथं बाबाच्या नावानं."

"म्हन. पन त्यायनं माह्या तोंडानं सांगतलं होतं." मग मला म्हणाला, "तू जाय ताई. तू बी थांबली त त्यायच्या नावानं तिथी कोनीच नाई जाणार."

मी गेले. मला कोणी काही विचारलं नाही. कमान ओलांडून मागे पाहिलं तर तो पानाच्या दुकानापाशी सायकलला टेकून उभा होता, आमच्याकडे पाठ करून. थोडं पुढे गेल्यावर माझा फोन मुका झाला. आपलं सिम तिकडे चालत नाही, हेही तेव्हाच कळलं.

लुंबिनीबद्दल मी जास्त लिहीत नाही. ज्यांनी पाहिली त्यांना माहीत आहे. अशोकाचा खांब पाहिला, हात जोडले. पुष्करणीच्या काठावर बसले. आमच्यातल्या काही बाया रडत होत्या आणि मला रडू येत नव्हतं. बाबांचं नाव घेऊन त्रिसरण म्हटलं, पंचशील सुरू केलं. पहिलं, दुसरं, तिसरं म्हटलं. चौथ्यापाशी अडले. पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं. डोळे मिटले की पानाचं दुकानच दिसत होतं.

टोळीचा मुक्काम तिथेच होता. मी राजदीपांना म्हटलं, मी परत जाते. वाटलं होतं, चिडतील. त्यांनी पाण्याची बाटली भरून घेतली आणि म्हणाले, "एकट्या नका जाऊ ताई. मी येतो."  वाटेत एकदाच म्हणाले, "मी जास्त बोललो काय त्यायले?"

"हो," मी म्हटलं.

"मले पुऱ्या टोळीचं पडलं होतं."

"त्याले बी पडलंच होतं."

दिवस मावळता मावळता आम्ही कमानीखालून अलीकडे आलो. संघपाल तिथेच होता. पानवाल्याने त्याला बसायला खोकं दिलं होतं. त्याने दिवसभरात काही खाल्लं होतं की नाही कोण जाणे, पिशवीतला डबा तसाच होता. मला पाहून उठला. रागावलेला नव्हता, आनंदीही नव्हता. विचारलं, "पानी कसं हाय ताई, पुष्करणीचं?"

"हिरवं हाय. कासवं हायेत त्यात."

"कासवं?" त्याला खरंच नवल वाटलं. "अन् खांबावरची अक्षरं? दिसतात?"

मी सांगत राहिले आणि तो लहान मुलासारखा ऐकत राहिला. राजदीप बाजूला उभे राहून त्याच्या सायकलच्या टायरमधली हवा उगीच दाबून पाहत होते.

गोरखपूरहून रेल्वेने परत आलो. विहारात सत्काराची तयारी झालेली. खुर्च्या, माईक, हार. बाबांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. घरी आल्यापासून ते संघपालशी एक शब्द बोलले नव्हते. एकेकाचं नाव घेऊन हार घातला गेला. संघपालचं नाव आलं. तो जागचा उठण्याआधी बाबा काठी टेकत उभे राहिले.

"याले नका घालू," बाबा म्हणाले. "हा गेला नाई."

लोकांना वाटलं म्हातारा मस्करी करतो आहे. दोघं-चौघं हसले. संघपाल उठला. "बाबा बरोबर सांगून राह्यले. मी नाक्यावरूनच वापस आलो. विदेशात जायची परवानगी घेतली नव्हती." एवढं बोलून खाली बसला.

मागून बापूजी ओरडले, "अबे, कोनं इचारलं असतं बे तुले!" त्यावर मोठा हशा झाला. हार आणणारा माणूस हार हातात घेऊन तसाच उभा राहिला, मग त्याने तो टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी कॉलनीत मी स्वतः ऐकलं, "लय मोठा खरा बोलनारा निघाला. आमी काय चोर हावो?" संघपालनेही ऐकलं असणार.  सकाळी तसाच सायकलवर कामाला जायचा.

बाबा माझ्याकडे पोंभुर्ण्याला राहायला आले. भद्रावतीत करमत नाही म्हणाले. संघपालचा फोन आला की माझ्या हातात देत. मी रोज वंदनेला बसले की दोघांसाठीही मागत असे, कोणासाठी काय मागावं ते मात्र कळत नसे. बाबांचं दुःख खोटं नव्हतं. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती.

एका रविवारी संघपाल भद्रावतीहून सायकलवर निघाला आणि दुपारी माझ्या दारात आला. उंबऱ्याबाहेर थांबला, खाली पाहिलं, आत आला. बाबा बाजेवर बसले होते. मी पाणी दिलं.  शेजारचं रेडकू ओरडत होतं, तेवढाच आवाज.

मग बाबाच बोलले, भिंतीकडे पाहत. "टाकला काय अर्ज?"

"टाकला. आल्या आल्याच टाकला."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी फोनवर येतच नव्हते."

बाबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "किती दिवस लागतात?"

"सांगता येत नाई बाबा. बापूजीले त भेटलीच नाई."

"पन भेटली त जाशीन?"

"त्याच दिवशी निघीन."

"सायकलनं?"

"तुमी म्हनसान तसा."

 बाबांनी काठी भिंतीला टेकवली. मला वाटलं, आता पुन्हा तोडून बोलतात.

"मंग मले तवरीक थांबा लागन," ते म्हणाले. "नंदिनी, याले जेवाले वाढ."

रक्तदाबाच्या गोळीवरून बाबांचं आणि माझं रोज भांडण व्हायचं. सकाळी हातावर ठेवली तर दुपारी उशीखाली सापडायची. आता मी अंगणवाडीत जायला निघाले की बाबा स्वतःच हात पुढे करतात, आणि गोळी गिळून झाल्यावर विचारतात, "आला काय फोन त्याचा?" परवानगी अजून आलेली नाही.